वेळ मोजणारा मुलगा

गेल्या महिन्यात एका सकाळी दहा-अकरा वर्षांच्या एका मुलीने मला दोन प्रश्न विचारले. पहिल्याचे उत्तर मी चुकीचे दिले आणि दुसऱ्याचे मला देताच आले नाही. दोन्ही प्रश्न साधे होते, विचारण्यामागे तिचा काही विशेष हेतू नव्हता, आणि एव्हाना ती ते विसरूनही गेली असेल. मी मात्र तेव्हापासून रात्री दिवा मालवला की पुन्हा त्या रेषेपाशी जाऊन उभा राहतो. माझ्या बालमित्राच्या स्मरणार्थ दरवर्षी पाच किलोमीटरची एक दौड होते, तिच्या सुरुवातीची ती रेषा. यंदा दौडीचे सहावे वर्ष होते. पुरते उजाडले नव्हते. मैदानाच्या कडेचे गवत ओले होते, हवेत स्नायूंना चोळायच्या मलमाचा वास होता, आणि घडी मोडून नुकत्याच अंगात घातलेल्या टी-शर्टांना छपाईच्या शाईचा उग्र दर्प येत होता. ती मुलगी माझ्या पुढ्यात उभी राहून बिब, म्हणजे धावणाऱ्याच्या क्रमांकाचा कागद, छातीला लावायची खटपट करत होती. तीन कोपरे लागले होते, चौथ्या कोपऱ्याची पिन तिच्या बोटांतून पुन्हा पुन्हा निसटत होती. मी ती लावून दिली. तेवढ्यात ध्वनिक्षेपकावरून निवेदकाने दरवर्षीचे वाक्य उच्चारले : ज्यांच्या स्मृतीला ही दौड अर्पण केली आहे, ते स्वतः एक उत्कृष्ट धावपटू होते.

मुलीने मान वर करून विचारले, "काका, तुम्ही ओळखत होता त्यांना?"

"हो. आम्ही एका वर्गात होतो."

"मग ते खूप फास्ट धावायचे का?"

"हो," मी म्हणालो, "खूप." आणि भोंगा वाजला.

माझा मित्र कधीच धावला नव्हता.

त्याचे नाव मी इथे लिहीत नाही. ते आता कमानीवर आहे, टी-शर्टांच्या पाठीवर आहे, पदकांच्या मागच्या बाजूला कोरलेले आहे, आणि जिथे जिथे आहे तिथे त्याच्यामागे आदरार्थी क्रियापद आलेले आहे. ते होते, ते म्हणत, त्यांनी केले. मरणानंतर माणसाला मिळणारे हे अनेकवचन मला पहिल्या वर्षी फार चांगले वाटले होते. दुसऱ्या वर्षीही वाटले. पुढे कधीतरी ध्यानात आले की माझ्याजवळचा 'तो' आणि मैदानावरचे 'ते' यांच्यातले अंतर वाढत चालले आहे, आणि 'तो' म्हणून त्याचा उल्लेख करणारी माणसे आता फारच थोडी उरली आहेत. त्या थोड्यांपैकी एक मी. म्हणून मी त्याला 'तो'च म्हणणार.

शाळेच्या फाटकापासून मैदानाच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या पाण्याच्या टाकीपर्यंत दोनशे पावले होती. ती पावले त्यानेच मोजली होती, एकदा नव्हे तर तीनदा, आणि तिन्ही वेळा आकडा जुळल्यावरच तो वहीच्या पहिल्या पानावर लिहिला होता. धावायचो मी. तो टाकीच्या चौथऱ्यावर उभा राहायचा. त्याच्या मुठीत वडिलांचे जुने, रोज चावी द्यावी लागणारे घड्याळ असायचे. मनगटाला त्याचा पट्टा फार सैल व्हायचा, म्हणून तो ते घड्याळ तळहातात धरून अंगठ्याने दाबून ठेवायचा आणि डोळ्यांजवळ न्यायचा. सेकंदकाटा बाराच्या जवळ आला की तो "तयार" म्हणून ओरडायचा आणि बारावर आला की "पळ!" मी पळत सुटायचो. टाकीला हात लावला की तो घड्याळातून नजर न काढता आकडा सांगायचा. मी किती धापा टाकतो आहे, पडलो आहे की काय, याकडे त्याचे लक्ष नसायचे. आधी आकडा, मग वही, आणि मग मी.

एके दिवशी त्याने "पळ!" म्हणणे अचानक बंद केले. मैदानाच्या पलीकडे एका भिंतीचे काम चालू होते. तिथला गवंडी दगडावर हातोडा मारत होता, आणि हातोडा दगडावर पडलेला आधी दिसतो, आवाज मागून येतो, हे त्याच्या ध्यानात आले होते. मला हाताला धरून त्याने ते दाखवले. मला दिसले, पण त्यात विशेष काय ते कळले नाही. तो मात्र अस्वस्थ झाला होता. म्हणजे, तो म्हणाला, माझं 'पळ' तुला उशिरा ऐकू येतं, काटा पुढे गेलेला असतो, आणि आजवरच्या तुझ्या सगळ्या वेळा चूक आहेत. त्याने वहीतल्या अडीच पानांवर पट्टीने तिरक्या रेघा मारल्या. दुसऱ्या दिवसापासून तो रुमाल वर धरू लागला. रुमाल खाली आलेला दिसला की मी पळायचे. पुढे मोठेपणी मी वाचले की शर्यतींचे हाती घड्याळ घेऊन उभे राहणारे वेळाधिकारीही हेच करतात. पिस्तुलाचा आवाज ऐकून नव्हे, तर त्याचा धूर किंवा ठिणगी पाहून घड्याळ सुरू करतात, कारण आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो आणि शंभर मीटरवर उभ्या असलेल्या माणसापर्यंत पोचायला त्याला सेकंदाचे जवळजवळ तीन दशांश लागतात. आमच्या त्या घड्याळाला दशांश ठाऊकच नव्हते. पूर्ण सेकंदाखालचे काही त्यात दिसत नसे. तरीही त्याने अडीच पाने रद्द केली.

मला त्या वेळी त्याचा रागच आला होता. त्या पानांवर माझे श्रम होते.

पण खरा राग आला तो नंतर, वार्षिक स्पर्धांच्या आधीच्या आठवड्यात. त्या संध्याकाळी मी जसा पळालो तसा आधी कधी पळालो नव्हतो. पाय जमिनीला लागत नाहीत असे वाटत होते, कानांत वारा भरला होता आणि टाकी आपण होऊन माझ्याकडे येत होती. हात लावला आणि मी वर पाहिले. तो घड्याळाकडे नव्हे, माझ्याकडे पाहत होता. तोंड थोडेसे उघडे, मूठ छातीपाशी तशीच. "किती?" मी विचारले. त्याने घाईघाईने घड्याळाकडे पाहिले आणि मान हलवली. "नाही सांगता येणार. मी तुझ्याकडे बघत होतो." मी म्हटले, अंदाजे सांग. तो म्हणाला, अंदाजे नाही लिहीत. मी म्हटले, निदान कालच्यापेक्षा कमी होती एवढे तरी लिही. तो म्हणाला, तू छान पळालास एवढंच मला माहीत आहे, किती ते माहीत नाही. आणि त्याने वहीत तारीख लिहिली, तारखेपुढे पट्टीने चौकोन आखला आणि तो रिकामा सोडला. मी चार दिवस त्याच्याशी बोललो नाही. चार दिवस तो टाकीपाशी येऊन उभा राहत होता, हे मला दुसऱ्या मुलांकडून कळले.

ती वही आज कुणाकडेच नाही. घर बदलताना गेली असावी. तो रिकामा चौकोन मात्र मला स्वच्छ दिसतो : निळ्या शाईचा, डावी बाजू किंचित जाड, कारण तिथे पट्टी सरकल्यामुळे रेघ पुन्हा ओढावी लागली होती. माझ्या आयुष्यात माझ्याविषयी कुणी लिहिलेल्या सगळ्या मजकुरात मला तो चौकोन सर्वांत मोलाचा वाटतो, पण हे कळायला मला फार वर्षे लागली आणि त्याला ते सांगायचे राहून गेले.

मी पळणे सोडले ते शाळा सोडली तेव्हाच. त्याने मोजणे सोडले नाही. नोकरी लागली, लग्न झाले, केसांत पांढरे दिसू लागले, तरी सकाळी कामावर जाण्याआधी तो त्याच मैदानावर जाऊन उभा राहत असे. गळ्यात स्टॉपवॉच, खिशात वही. मैदानावर सरावाला येणारी मुले त्याला ओळखू लागली. तो प्रशिक्षक नव्हता. पाय कसा टाकावा, हात कसे हलवावेत, हे त्याने कुणाला कधी सांगितले नाही, कारण ते त्याला माहीत नव्हते आणि जे माहीत नाही ते तो सांगत नसे. तो फक्त वेळ सांगत असे. पण ज्या मुलाकडे घरी कुणाचे लक्ष नसते, त्या मुलाची गेल्या मंगळवारची आणि आजची वेळ कुणीतरी लिहून ठेवली आहे, ही गोष्ट केवढी असते! त्याच्याकडे एका मुलाची सलग सात वर्षांची नोंद होती. हाताने मोजलेली वेळ दशांशात लिहायची तर वरच्या दशांशाकडे न्यायची, म्हणजे धावणाऱ्याला फुकटचे काही द्यायचे नाही, हा नियम तो काटेकोर पाळायचा. आणि त्या मुलांना त्यात कठोरपणा वाटत नसे. त्याने सांगितलेला आकडा खरा असणार, मग तो आवडो न आवडो, या भरवशावरच ती रोज येत होती.

आमची भेट वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी होई. फोन मात्र होत असत, आणि त्यात हटकून कुठली तरी वेळ निघे. एकदा त्याने मला रात्री फोन करून १९६० च्या रोम ऑलिंपिकमधली पोहण्याची शंभर मीटरची शर्यत सांगितली. अमेरिकेचा लान्स लार्सन आणि ऑस्ट्रेलियाचा जॉन डेव्हिट जवळजवळ एकाच क्षणी भिंतीला पोचले. लार्सनवर नेमलेल्या तीन वेळाधिकाऱ्यांच्या घड्याळांत ५५.०, ५५.१ आणि ५५.१ होते. डेव्हिटवर नेमलेल्या तिघांच्याही घड्याळांत ५५.२ होते. म्हणजे सहाही घड्याळांचे म्हणणे एकच होते. पण सुवर्णपदक मिळाले डेव्हिटला, कारण क्रमांक ठरवायचा अधिकार घड्याळांचा नव्हता, पंचांच्या डोळ्यांचा होता. आणि मग निकालाशी जुळावी म्हणून लार्सनची अधिकृत वेळही ५५.२ करण्यात आली. हे शेवटचे वाक्य सांगताना त्याचा आवाज चढला. पदक चुकीच्या माणसाला गेले, याचे त्याला वाईट वाटतच होते, पण तो पेटला होता तो त्या बदललेल्या आकड्यामुळे. "निकाल चुकू शकतो," तो म्हणाला, "माणसांचे डोळे आहेत. पण तिघांनी आपापल्या हाताने मोजलेलं खोडायचं?" त्या रात्री मी त्याला हो हो म्हटले आणि झोपलो. आता त्याचे ते वाक्य मला जागे ठेवते.

त्याच्या आजारपणाबद्दल मी फार लिहिणार नाही. चार महिने चालले. मी दोनदा भेटलो, त्याहून जास्त वेळा जायला हवे होते. दुसऱ्या वेळी त्याचा आवाज फार खाली गेला होता. खाटेशेजारी सलाइनची बाटली टांगलेली होती आणि तो मनगटावरचे घड्याळ डोळ्यांजवळ धरून नळीत पडणारे थेंब मोजत होता. अंगठ्याने घड्याळ दाबून धरायची तीच लकब, फक्त आता पट्टा पुन्हा सैल झाला होता. मी खुर्ची ओढली तर त्याने बोट वर करून थांबवले. मिनिट पुरे झाल्यावर म्हणाला, "बावीस. तिने वीस लिहिलेत." मग थोडा हसला. मी त्याला काय काय सांगायचे ठरवून गेलो होतो. त्यातले काही बोलणे झाले नाही. आम्ही दोघांनी आणखी एक मिनिट मोजले. माझे एकवीस आले, त्याचे बावीस. त्याचेच बरोबर असणार.

त्याच्या मुलांनी, म्हणजे मैदानावरच्या मुलांनी, पुढच्याच वर्षी ही दौड सुरू केली. ती आता मोठी झाली होती, कमावती झाली होती. पहिल्या वर्षी सगळे हाताने झाले : दोरी धरून आखलेली रेषा, आठ स्टॉपवॉच, आठ वह्या. पत्रकावर फक्त त्याचे नाव आणि दौडीची वेळ होती. दुसऱ्या वर्षी माणसे वाढणार होती, पत्रकात त्याच्याविषयी दोन ओळी असाव्यात असे ठरले, आणि त्या दोन ओळी लिहिणाऱ्या तरुणाने मसुदा मला पाठवला, कारण मी शाळेपासूनचा मित्र. हा तरुण स्वतः मैदानावर आलेला नव्हता, त्याने नुसते ऐकले होते. मसुद्यात 'उत्कृष्ट धावपटू आणि अनेकांचे मार्गदर्शक' असे शब्द होते. मी ते वाचले. दोन्ही चूक आहेत हे मला वाचताक्षणीच कळले. आणि मी उत्तर पाठवले, 'छान झाले आहे.'

घाईत होतो असे म्हणता येईल, आणि तसा घाईत होतोही. पण ते कारण नव्हते. तो शब्द मला आवडला होता. एवढी माणसे ज्याच्या नावाने धावणार, तो स्वतः धावणारा असावा, हे ऐकायला बरे वाटत होते. 'ते चौथऱ्यावर उभे राहून घड्याळाकडे पाहत असत' या वाक्यापेक्षा 'ते धावत असत' हे वाक्य समारंभाला शोभणारे होते, आणि मी माझ्या मित्राला शोभा दिली. त्या एका शब्दाला मग पाय फुटले. पत्रकातून तो निवेदकाच्या कागदावर गेला, कमानीवर गेला. एका वर्षी पदकावर धावणाऱ्या माणसाची आकृती आली आणि खाली त्याचे नाव. ते पदक त्याच्या पत्नीने हातात घेऊन बराच वेळ पाहिले आणि काहीच न बोलता पर्समध्ये ठेवले. मी शेजारीच उभा होतो.

गेलेल्या माणसाच्या नावाने धावण्याची रीत जगभर आहे, आणि गेली काही वर्षे मी तिच्याविषयी मिळेल ते वाचत असतो. दक्षिण आफ्रिकेत डर्बन आणि पीटरमॅरिट्झबर्ग या शहरांच्या दरम्यान सुमारे नव्वद किलोमीटरची कॉम्रेड्स मॅरेथॉन होते. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या व्हिक क्लॅपहॅम नावाच्या सैनिकाने ती आपल्या मृत सोबत्यांच्या आठवणीसाठी सुरू केली. २४ मे १९२१ रोजी ती पहिल्यांदा झाली तेव्हा ३४ जण धावले होते. आज तिथे हजारो धावतात, आणि बारा तासांची मुदत संपते त्या क्षणी एक अधिकारी अंतिम रेषेवर येणाऱ्यांकडे पाठ करून उभा राहतो आणि बंदूक झाडतो. त्याच्यामागे कोण दोन पावलांवर आहे, हे त्याला दिसू नये म्हणून ही पाठ. मी हे मित्राला सांगितले होते. मला वाटले होते, त्याला हे फार आवडेल : मुदत म्हणजे मुदत. तो विचार करून म्हणाला, "बंदूक ठीक आहे. पण पाठ कशाला फिरवायची? शेवटचा येताना कुणीतरी बघायला पाहिजे."

पण ज्या दौडीने मला खरे घेरले ती कॅनडातली. टेरी फॉक्सचा उजवा पाय हाडाच्या कर्करोगाने १९७७ मध्ये गुडघ्याच्या वरून कापावा लागला होता. १२ एप्रिल १९८० रोजी तो देशाच्या पूर्व टोकाला असलेल्या सेंट जॉन्स इथून कृत्रिम पायावर धावत निघाला, कर्करोगाच्या संशोधनासाठी पैसे उभे करायला. रोज जवळजवळ एक मॅरेथॉन. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर झाले, आणि मग आजार फुप्फुसात पोचल्यामुळे १ सप्टेंबरला थंडर बेजवळ त्याला थांबावे लागले. २८ जून १९८१ रोजी तो गेला, तेवीस वर्षांचाही झाला नव्हता. त्याच वर्षीच्या सप्टेंबरपासून त्याच्या नावाची दौड होते आहे. तिच्यात स्पर्धा नसते, कुणी पहिला नसतो. हे सगळे बहुतेकांना ठाऊक असते. मी थांबतो तो दुसऱ्याच माणसापाशी. टेरीच्या मागेपुढे एक व्हॅन होती आणि ती चालवत होता त्याचा शाळेपासूनचा मित्र, डग ऑलवर्ड. व्हॅन एक मैल पुढे न्यायची, रस्त्याच्या कडेला थांबवायची, तो येईपर्यंत वाट पाहायची, आला की पाणी द्यायचे, आणि पुन्हा एक मैल पुढे. थंडीत, वाऱ्यात, दिवसचे दिवस. मधे दोघांची इतकी भांडणे झाली की टेरीच्या आईवडिलांना तिथवर यावे लागले. धावणाऱ्याचे छायाचित्र जगाने पाहिले. रस्त्याच्या कडेला थांबलेल्या त्या व्हॅनमध्ये बसून आरशात मागचा रिकामा रस्ता पाहणारा मुलगा मला सारखा दिसतो, कारण तो माझ्या ओळखीचा आहे. तो टाकीच्या चौथऱ्यावर उभा असायचा. धावणारे नेहमीच आठवले जातात. आमच्या दौडीला एक फार दुर्मीळ संधी होती : थांबणाऱ्याच्या नावाने धावण्याची. आणि आम्ही त्यालाच धावायला लावले.

या आठवड्यात मी त्या तरुणाला पत्र लिहिले. लिहायला चार दिवस लागले, कारण चूक सुधारणारे वाक्य लिहिणे वाटते तितके सोपे नाही. 'ते धावपटू नव्हते' एवढेच लिहिले तर ते काहीतरी कमी होते असा सूर लागतो. 'ते इतरांना धावण्याची प्रेरणा देत' हे पुन्हा खोटे, कारण प्रेरणा वगैरे देण्याच्या भानगडीत तो कधी पडला नाही. शेवटी लिहिले : 'ते रोज सकाळी या मैदानावर उभे राहून धावणाऱ्यांची वेळ मोजत आणि लिहून ठेवत. शेवटचा धावणारा येईपर्यंत ते जागचे हलत नसत.' त्याच्या खाली, दुसऱ्या वर्षीचा मसुदा मी चूक ठाऊक असूनही मान्य केला होता, हेही लिहिले. उत्तर अजून आलेले नाही.

दौडीच्या दिवशी मी पन्नास मिनिटांत परतलो, निम्मे चालत आणि निम्मे धावत. आता वह्या नसतात. बिबच्या मागे बोटभर रुंदीची एक पट्टी असते, तिच्यात चिप. तिला स्वतःची वीज नसते. रेषेवर अंथरलेल्या चटईच्या क्षेत्रात आली की तेवढ्यापुरती ती जागी होते, आपला क्रमांक सांगते आणि पुन्हा झोपते. म्हणून भोंगा वाजल्यानंतर दोन मिनिटांनी गर्दीतून रेषेपर्यंत पोचलेल्या माणसाची वेळ तो रेषेवर पोचल्यापासूनच धरली जाते. हे त्याला किती आवडले असते! रेषेवर दर थोड्या वेळाने बारीक 'टीं' असा आवाज येत होता आणि प्रत्येक आवाजाबरोबर एक माणूस नेमका मोजला जात होता. तासाभराने आवाज विरळ झाले. भाड्याने आणलेल्या यंत्राची माणसे चटया गुंडाळू लागली, कारण त्यांना पुढच्या ठिकाणी पोचायचे होते. मैदानावर कागदी पेले उडत होते. जायला निघालो तर सकाळचीच ती मुलगी रेषेच्या कडेला उकिडवी बसलेली दिसली. गळ्यात पदक, बूट काढून बाजूला ठेवलेले.

"झालं ना तुझं? घरी नाही जायचं?"

"आजी यायची आहे," ती म्हणाली. "तिचा गुडघा दुखतो. ती चालतेय." मग गुंडाळल्या जाणाऱ्या चटईकडे पाहून म्हणाली, "आता तिची वेळ कशी कळणार?"

मी मनगटावरचे घड्याळ पाहिले. तिच्या आजीने नेमकी कधी रेषा ओलांडली होती ते मी विचारले, आणि तिला ते अगदी बरोबर ठाऊक होते, दोघी हात धरून शेवटच्या ओळीत उभ्या होत्या, भोंग्यानंतर तीन मिनिटांनी निघाल्या. मी म्हणालो, मी थांबतो, मी मोजतो. ती माझ्या शेजारी सरकली. रस्ता वळणापर्यंत रिकामा होता. आणि त्या रिकाम्या रस्त्याकडे पाहत असताना मी तिला सांगितले की ज्यांच्या नावाची ही दौड आहे ते धावत नसत, ते इथे, साधारण याच जागी उभे राहून वेळ मोजत असत. ती थोडा वेळ गप्प राहिली. पदकावरची धावणारी आकृती तिने अंगठ्याने चाचपली.

"मग सकाळी तुम्ही खोटं का सांगितलं?"

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरोखरच जाणून घ्यायचे होते. मी तोंड उघडले आणि मिटले. समारंभाला शोभावे म्हणून, असे एका लहान मुलीला कोणत्या तोंडाने सांगायचे? तेवढ्यात ती ताडकन उठली. वळणावर एक बाई दिसली, फिकट रंगाची ओढणी कमरेला बांधलेली, डाव्या गुडघ्यावर पट्टा, एका बाजूला झोक जात होता पण पाऊल थांबत नव्हते. मुलगी अनवाणीच ओरडत रेषेपर्यंत धावली. आजीने हात वर केला. मी घड्याळ डोळ्यांजवळ धरले, अंगठा नकळत काचेच्या कडेवर दाबला गेला. शेवटच्या वीस पावलांत त्या बाईने चालणे सोडले आणि त्या गुडघ्यानिशी ती पळू लागली, तोंड उघडे, डोळे त्या मुलीवर, आणि रेषेवर आली तेव्हा मुलगी तिच्या कमरेला मिठी मारून दोघी जवळजवळ पडल्याच.

"काका, किती?" मुलगी तिथूनच ओरडली. "किती झाली?"

मी घाईघाईने घड्याळाकडे पाहिले. काटा पुढे सरकत होता.

"एक तास चार मिनिटं," मी म्हणालो. "सेकंद नाही सांगता येणार. मी तुझ्या आजीकडे बघत होतो."